काळी चारचा तानपुरा: नेमके कीवर्ड आणि नेमकं गिऱ्हाईक

समजा, मिरजेत तुमचं तंतुवाद्यांचं दुकान आहे. आजोबांपासून चालत आलेलं. भोपळा निवडण्यापासून जवारी काढण्यापर्यंत (म्हणजे तारा ज्या घोडीवरून जातात ती घासून नाद खुलवण्यापर्यंत) सगळं काम घरातच होतं. पुतण्याने हौसेने वेबसाइट करून दिली, तिच्यावर ठळक अक्षरांत 'तानपुरा' आणि 'सतार' हे शब्द टाकले, चांगले फोटो लावले. सहा महिने झाले, तरी वेबसाइट पाहून एकही फोन आला नाही. शेवटी एके रात्री तुम्ही स्वतःच गूगलवर 'तानपुरा' टाइप करून बघता. विकिपीडिया दिसतो, यूट्यूबवर तासन्‌तास चालणारे तानपुऱ्याचे सूर दिसतात, मोबाइलवर तानपुरा वाजवणारी ॲप दिसतात, मोठ्या ऑनलाइन बाजारपेठा दिसतात. तुमचं दुकान पाचव्या पानावरही नाही.

ही अडचण एकट्या मिरजेची नाही. येवल्यात पैठणी विणणारे, देवगडचे आंबा बागायतदार, घरी फराळ करून परदेशी पाठवणाऱ्या ताई, सगळ्यांना ती येते. पण मी या लेखात तानपुऱ्याचंच उदाहरण शेवटपर्यंत धरून ठेवणार आहे. बारीक, नेमका कीवर्ड म्हणजे काय, हे इतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आधी कीवर्ड म्हणजे काय ते एका वाक्यात. माणूस गूगलच्या चौकटीत जे शब्द लिहितो किंवा बोलतो, तो कीवर्ड. तो एक शब्द असेल, नाहीतर आख्खा प्रश्न असेल.

मोठ्या शब्दामागची गर्दी

'तानपुरा' एवढाच शब्द लिहिणारी माणसं कोण असतात? पहाटे रियाजाला बसलेली विद्यार्थिनी असते, तिला फोनवर सूर हवा असतो, आत्ताच्या आत्ता. शाळेच्या प्रकल्पासाठी चित्र शोधणारा मुलगा असतो. तानपुरा आणि सतार यांत फरक काय, एवढंच कुतूहल असलेले एखादे काका असतात. आणि या सगळ्यांत कुठेतरी खरोखर तानपुरा विकत घ्यायला निघालेला एखादा असतो. चौघांनी लिहिला आहे तो मात्र एकच शब्द. त्यातला कोण कशासाठी आला आहे हे गूगलला कळायला मार्ग नाही, म्हणून बहुतेकांना जे लागतं ते वर ठेवलं जातं. ॲप, व्हिडिओ, माहिती.

मोठ्या शब्दावर तुम्ही मागे पडता याचं एक कारण सगळ्यांना माहीत असतं: स्पर्धा. तिथे तुमच्यापेक्षा जुन्या आणि नावाजलेल्या साइट आधीच बसलेल्या आहेत. दुसऱ्या कारणाकडे लोक बघत नाहीत, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. उद्या काही चमत्काराने तुम्ही तिथे पहिल्या नंबरवर आलात, तरी येणाऱ्यांतले बहुतेक जण तुमचे नाहीत. त्यांना फोनवर सूर हवा होता. ते येतील आणि दोन सेकंदांत परत जातील.

आता हा दुसरा शोध बघा: 'काळी चार लेडीज तानपुरा किंमत'. ज्यांचा गाण्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेटीच्या पट्ट्या मोजून आपल्याकडे गाणारे आपला सूर सांगतात. काळी एक, पांढरी दोन, काळी चार, काळी पाच. बायकांचा आवाज साधारण वरच्या पट्टीतला, त्यामुळे त्यांच्यासाठी तानपुरा थोडा लहान आकाराचा बनवतात, त्याला दुकानात सरळ 'लेडीज तानपुरा' म्हणतात. म्हणजे या चार-पाच शब्दांत किती माहिती आली? शोधणारी व्यक्ती गाते. तिची पट्टी ठरलेली आहे, म्हणजे बरीच वर्षं शिकते आहे. वाद्य कुठल्या मापाचं हवं हे तिला माहीत आहे. आणि ती किमतीपर्यंत पोचली आहे. तुमच्या दुकानाची पायरी चढून आत आलेल्या गिऱ्हाइकाइतकी ती जवळ आहे.

असा शोध महिन्याला दहाच जण घेतात असं धरू. तानपुरा काही रोज विकला जाणारा माल नाही. दहांतल्या तिघींनी फोन केला आणि एकीने वाद्य घेतलं, तर तो महिना चांगला गेला. याउलट रोज हजार माणसं फुकटचा सूर शोधत आली आणि गेली, तर दुकानाच्या गल्ल्यात काही पडत नाही. जाहिरातींवर चालणाऱ्या साइटचं गणित वेगळं, त्यांना गर्दीच हवी असते. जो स्वतःच्या हाताने काहीतरी बनवतो, त्याला दहा योग्य माणसं पुरतात.

शेपटी कसली?

या नेमक्या शब्दांना वेबच्या धंद्यात 'लाँग टेल कीवर्ड' म्हणतात, म्हणजे लांब शेपटीतले. 'वायर्ड' या अमेरिकी मासिकाचे तेव्हाचे संपादक क्रिस अँडरसन यांनी २००४ मध्ये तिथल्याच एका लेखातून ही कल्पना लोकांपर्यंत पोचवली. मुद्दा सुरुवातीला विक्रीचा होता. थोड्या वस्तू प्रचंड खपतात, आणि असंख्य वस्तू थोड्या थोड्या खपतात. आलेख काढला तर डावीकडे उंच डोकं आणि उजवीकडे लांबच लांब, बारीक होत जाणारी शेपटी दिसते. दुकानात जागा मर्यादित असते, म्हणून शेपटीतला माल ठेवता येत नाही. इंटरनेटवर ती अडचण नाही. शब्दांचंही तेच आहे. काही थोडे शब्द लाखो लोक शोधतात, आणि अगणित शब्दसमूह असे असतात की ते महिन्यातून दोन-चारच माणसं शोधतात.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. लोकांना वाटतं, लांब शेपटी म्हणजे लांबलचक वाक्य. तसं नाही. लांबी आलेखाच्या शेपटीची आहे, शब्दांची नाही. 'जवारी' हा एकच शब्द आहे, पण वाद्याच्या अर्थाने तो फार थोडी माणसं शोधतात, म्हणून तो शेपटीतला. उलट 'आज सोन्याचा भाव काय आहे' यात पाच शब्द आहेत, आणि तो अगदी डोक्यातला.

शेपटी किती लांब आहे याची कल्पना देणारा एक आकडा गूगलनेच अनेकदा सांगितला आहे. रोज होणाऱ्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध असे असतात की ते गूगलकडे त्याआधी कधीच आलेले नसतात. रोजचे १५ टक्के! गूगल सुरू झालं १९९८ मध्ये. इतक्या वर्षांनंतरही माणसं दररोज नवे प्रश्न विचारताहेत, आणि त्यांतल्या कित्येकांचं उत्तर कुणीच लिहून ठेवलेलं नाही.

नेमक्या शब्दावर लहान साइट वर कशी येते, हे कळायला गूगलच्या आत थोडं डोकवावं लागतं. गूगल जगभरची पानं आधीच वाचून त्यांची सूची करून ठेवतं. जाड ग्रंथाच्या शेवटी असते तशी: हा शब्द, या या पानांवर. तुम्ही शोधता तेव्हा ते या सूचीत बघतं, आणि मग त्या पानांची क्रमवारी लावतं. 'तानपुरा'पुढे असंख्य पानं लागलेली आहेत. 'तानपुरा' आणि 'जवारी' आणि 'खर्च' आणि 'मिरज' हे सगळं एकत्र असलेलं पान मात्र क्वचितच सापडतं. तिथे तुमच्याशी लढायला मोठी साइट आलेलीच नसते, कारण तिच्याकडे तो विषयच नाही.

शब्द शोधायचे कुठे? फोनमध्ये

लोक मला विचारतात, कुठलं टूल घेऊ. माझं उत्तर नेहमी एकच असतं: आधी तुमचं व्हॉट्सॲप उघडा. गेल्या वर्षभरात अनोळखी लोकांनी काय विचारलं आहे ते वर सरकवत वाचा. तानपुरेवाल्याच्या फोनमध्ये काय सापडेल? 'तीन वर्षं झाली, आवाज बसल्यासारखा येतो, जवारी काढावी लागेल का?' 'पावसाळ्यात सूर टिकत नाही, काय करू?' 'भोपळ्याला तडा गेलाय, जोडून मिळेल का?' 'मुलगी अमेरिकेत असते, विमानाने पाठवताना फुटणार नाही ना?' 'खुंटी सरकते, खडू लावला तरी.' 'चार तारांचा घ्यावा की पाच तारांचा?' यातलं प्रत्येक वाक्य कीवर्ड आहे, आणि प्रत्येक वाक्य एक पान होऊ शकतं. ज्याने तुम्हाला फोन केला त्याच्यामागे, फोन करायला संकोचलेली आणि आधी गूगलला विचारणारी माणसं असतातच.

वाक्य आहे तसं टिपून घ्या, त्यांच्याच शब्दांत. आपण जाणकार असलो की आपल्या तोंडी शुद्ध शब्द येतात आणि गिऱ्हाइकाचे शब्द हातून निसटतात. गिऱ्हाईक 'जवारी' म्हणेलच असं नाही. ते म्हणेल 'तानपुरा झणझणत नाही', 'आवाज बंद झालाय'. ज्याला 'जवारी' हा शब्द माहीत नाही, तो 'जवारी' शोधणार नाही, आणि नेमकी त्यालाच तुमची गरज आहे.

एवढं झालं की मग गूगलकडे जा. चौकटीत 'तानपुऱ्याची' एवढंच लिहा आणि थांबा. खाली ज्या सूचना येतात, त्या बऱ्याच अंशी इतरांनी केलेल्या शोधांवरून आलेल्या असतात. निकालांच्या मध्ये 'लोकांनी हेही विचारलं' अशा अर्थाची प्रश्नांची पेटी येते, तळाशी संबंधित शोध येतात. हे सगळं फुकट आहे. गूगल ट्रेंड्सवर कुठला शब्द कुठल्या राज्यात आणि कुठल्या महिन्यात जास्त शोधला जातो ते कळतं, पण फार बारीक शब्दांसाठी तिथे पुरेशी माहितीच नसते. गूगल ॲड्समधलं कीवर्ड प्लॅनर महिन्याचे शोध सांगतं. जाहिरातीवर खर्च न करणाऱ्याला मात्र ते सहसा ढोबळ पट्टाच दाखवतं, दहा ते शंभर, शंभर ते हजार असा.

आणि टूलने शून्य दाखवलं, तर तो शब्द टाकून देऊ नका. टूलचं शून्य म्हणजे मोजण्याइतके शोध नाहीत, एवढंच. व्हॉट्सॲपवर तोच प्रश्न वर्षात पाच जणांनी विचारला असेल, तर माझा भरवसा त्या पाच जणांवर आहे.

मराठीतली खास गुंतागुंत

इंग्रजीतलं कीवर्डचं शास्त्र जसंच्या तसं मराठीला लावता येत नाही, आणि याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. पहिली गोष्ट म्हणजे नावं. जुनी माणसं 'तंबोरा' म्हणतात, क्लासमधली मुलं 'तानपुरा' म्हणतात, दक्षिणेकडे 'तंबुरा' चालतं. दुसरी गोष्ट लिपीची. कित्येक मराठी माणसं फोनवर मराठी लिहितात ती रोमन अक्षरांत, आणि तिथे प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. कोणी 'पु'साठी यू लिहितो, कोणी दोन ओ लिहितो. तिसरी गोष्ट, न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये वाढलेली मराठी मुलगी 'काळी चार' म्हणणारच नाही, ती 'जी शार्प' शोधेल. दोन्ही एकच सूर. पानावर 'काळी चार, म्हणजे जी शार्प' असं एकदा सहज लिहून टाकलं, तर दोघींनाही वाट सापडते, आणि वाचणाऱ्यालाही ते खटकत नाही.

चौथी गोष्ट आपल्या व्याकरणाची. मराठीत शब्दाला प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं चिकटतात आणि शब्दाचं रूपच बदलतं. तानपुरा, तानपुऱ्याची, तानपुऱ्याला, तानपुऱ्यासाठी, तानपुरे. सगळीकडे 'तानपुरा' हे एकच रूप कोंबून लिहिलेलं पान वाचवत नाही, आणि त्याने हाती काही लागतही नाही. साधं, नीट मराठी लिहिलं की ही सगळी रूपं आपसूक येतात. शब्दयोगी अव्ययाने अर्थही पालटतो. 'तानपुऱ्यासोबत रियाज' आणि 'तानपुऱ्याशिवाय रियाज' हे दोन विरुद्ध प्रश्न आहेत. असे बारकावे समजावेत म्हणून गूगलने २०१९ मध्ये शोधासाठी 'बर्ट' नावाचं भाषेचं तंत्र आणलं, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात सत्तरहून अधिक भाषांत ते लागू केलं. त्यांत मराठीही होती. आता अचूक तोच शब्द पानावर असायलाच हवा, असं राहिलेलं नाही. तरीही घोडी, तबली, मणी, खुंटी असे कारागिरीतले शब्द यंत्राला नेमके किती कळतात यावर मी विसंबणार नाही. 'घोडी' म्हटल्यावर त्याला तानपुऱ्याची घोडी आधी आठवेल, याची खात्री काय? म्हणून असे शब्द एकटे सोडू नयेत. 'तानपुऱ्याची घोडी, म्हणजे ज्यावरून तारा जातात तो भाग' असं पूर्ण लिहावं.

पान लिहायचं ते कसं

एक प्रश्न घ्या: 'तानपुऱ्याची जवारी कधी काढावी लागते?' हेच पानाचं शीर्षक. शीर्षकाच्या खाली लगेच, पहिल्या दोन-तीन वाक्यांत, सरळ उत्तर. तार घोडीवरून जाते, सतत वाजवून घोडीच्या पृष्ठभागावर तारेच्या खाचा पडतात, मग नाद मिटल्यासारखा येतो आणि तारेखालचा दोरा कितीही सरकवला तरी खुलत नाही. अशा वेळी घोडी पुन्हा घासून जवारी काढावी लागते. उत्तर देऊन झालं की मग तपशील: किती दिवस लागतात, तुमच्याकडे खर्च किती येतो, वाद्य पाठवायचं तर कसं बांधायचं.

आणि या पानावर एक गोष्ट अशी ठेवा की ती दुसऱ्या कोणाकडे असूच शकत नाही. एकाच तानपुऱ्याचा जवारी काढण्याआधीचा आणि काढल्यानंतरचा आवाज, अर्ध्या अर्ध्या मिनिटाचा, तुमच्याच दुकानात फोनवर ध्वनिमुद्रित केलेला. खाचा पडलेल्या घोडीचा जवळून काढलेला फोटो, आणि त्या फोटोच्या वर्णनाच्या चौकटीत तो कशाचा आहे ते शब्दांत लिहिलेलं. ज्याचा तानपुरा घरी मुका झाला आहे, त्याने हे दोन आवाज ऐकले की त्याचा निर्णय झालेला असतो.

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ही माहिती बातम्यांत येऊन गेली, पण 'मानांकन असलेला तानपुरा ओळखायचा कसा' हे घेणाऱ्याला समजावून सांगणारं पान लिहायला मिरजेतल्या दुकानदाराइतका योग्य माणूस दुसरा कोण? नवा विषय जन्माला येतो तेव्हा त्याच्यासोबत नवे शोधही जन्मतात, आणि त्या वेळी लवकर नीट लिहिणाऱ्याला जागा मोकळी मिळते.

काही गोष्टी मात्र करूच नका. पुण्यातला तानपुरा, नाशिकमधला तानपुरा, नागपुरातला तानपुरा, असं फक्त गावाचं नाव बदलून पन्नास पानं करायचा सल्ला आजही दिला जातो. गूगलच्या नियमांत याला स्पॅमच म्हटलं आहे. तंबोरा आणि तानपुरा यांची वेगळी पानं करणंही चूक, तुमचीच दोन पानं एकमेकांशी भांडत बसतात. पानाच्या कोडमध्ये लपवून कीवर्डची यादी भरायची जुनी पद्धत तर केव्हाच निकामी झाली. क्रमवारीसाठी ती यादी आपण बघत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं होतं. आणि यंत्राकडून शेकडो पानं लिहून घेऊन साइट भरायची युक्तीही नको. मार्च २०२४ मध्ये गूगलने अशा घाऊक मजकुराविरुद्ध स्वतंत्र नियम केला. मला यात नियमापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं वाईट वाटतं. ज्या माणसाच्या बोटांत तीन पिढ्यांची जवारी आहे, त्याच्या साइटवर कुठलंही दुकान लिहू शकेल असा मजकूर असावा?

यंत्राच्या उत्तरांवरून आणखी एक. भारतात २०२४ पासून गूगल काही शोधांवर स्वतःच एआयने तयार केलेलं उत्तर वर दाखवू लागलं. 'तानपुऱ्याला किती तारा असतात' याचं उत्तर तिथेच मिळतं, मग तुमच्या पानावर कोण कशाला येईल? असल्या प्रश्नांमागे आता धावू नये, असं माझं मत आहे. पण तडा गेलेला भोपळा एआय जोडून देत नाही. ज्या प्रश्नाच्या शेवटी एखादं काम, एखादी वस्तू, एखादा हात लागतो, तो प्रश्न अजून तुमचाच आहे.

पान टाकल्यावर

पान टाकलं की दुसऱ्या दिवशी काही होत नाही. थांबावं लागतं, कधी आठवडे, कधी महिने. या काळात गूगलचं सर्च कन्सोल साइटला जोडून ठेवा, तेही फुकट आहे. लोकांनी कोणते शब्द लिहिल्यावर तुमचं पान दिसलं, किती वेळा दिसलं, किती जणांनी उघडलं आणि सरासरी कितव्या जागेवर होतं, हे त्यात कळतं. मागच्या सोळा महिन्यांपर्यंतची माहिती असते. फार थोड्यांनी केलेले शोध मात्र खाजगीपणासाठी लपवले जातात, त्यामुळे शेपटीचं अगदी टोक इथेही दिसत नाही.

बघायचं ते हे की पान दिसतं आहे, पण उघडलं जात नाही, असे शब्द कोणते. 'तानपुरा भाड्याने पुणे' या शोधावर तुमचं पान वारंवार बाराव्या जागेवर दिसत असेल, तर लोकांची एक गरज तुमच्यापर्यंत आपणहून चालत आली आहे. भाड्याने देत असाल, तर त्यावर पान लिहा. देत नसाल, तर ते शब्द सोडून द्या. खोटं आश्वासन देऊन माणूस आणला, तर तो फोनवर निराश होतो आणि पुन्हा येत नाही.

आणि मग यादीत खाली, अगदी खाली, एखादी ओळ दिसते: 'डावखुऱ्यांसाठी सतार'. तीन महिन्यांत सात वेळा दिसलं, एकदाही उघडलं नाही, कारण तुमच्या साइटवर त्याविषयी एक अक्षर नाही. कुठेतरी एक डावखुरं मूल सतार शिकायला निघालं आहे आणि त्याच्या आईला कळत नाहीये की तारा उलट्या लावून मिळतात का, घोडी आणि खुंट्या बदलाव्या लागतात का, शिक्षक काय म्हणतील. उद्या सकाळी चहा झाला की कारखान्यात जाऊन मोठ्या काकांना हेच विचारायचं, त्यांचं उत्तर फोनवर बोलतं करून घ्यायचं, आणि संध्याकाळपर्यंत त्या आईसाठी ते पान लिहायला घ्यायचं.